चार घरांची सभा

मी एक जुना बटनांचा फोन आहे. जालन्याच्या मस्तगड भागात, एका दुमजली घराच्या खिडकीत माझा मुक्काम असतो, कारण त्या घरात रेंज धड मिळते ती फक्त खिडकीतच. माझ्या पाठीचं झाकण केव्हाच सैल झालं आहे. ते पडू नये म्हणून मला रबर बांधलेलं आहे. पाचचा आकडा झिजून पुसला गेला आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या चकचकीत फोनांशेजारी मला ठेवलंत तर तुम्हाला हसू येईल, आणि मी रागावणारही नाही. पण चौकशीच्या बाबतीत मला कोणी हरवून दाखवावं.

ही खोड मला जन्मापासूनची. एका मोठ्या कारखान्यात मी तयार झालो. रांगेत बसलेल्या बायका आमच्यात एकेक भाग बसवायच्या आणि आम्हाला पुढे सरकवायच्या. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझी सगळी बटनं एकदा दाबून पाहिली, मला कानाला लावलं, 'हॅलो' म्हटलं आणि खोक्यात घातलं. मी ऐकलेला तो पहिला शब्द. ती तो कोणाला म्हणाली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हापासून मला एकच नाद लागला. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि कशासाठी बोलतंय, हे समजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दोन हजार चौदा साली मी मस्तगडच्या सिराजोद्दीनच्या दुकानात आलो. मोबाइल विकणं आणि बिघडलेले दुरुस्त करणं, हा त्याचा धंदा. तिथून मला सोनूबाई घेऊन गेल्या. सोनूबाई एका मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळा मस्तगड त्यांना अजून सिस्टरच म्हणतो. त्यांचे यजमान वारलेले, लेक संध्या नाशिकला. घरात त्या एकट्या, आणि त्यांच्या सोबतीला मी.

कामाला तोटा नव्हता. कोणाच्या बाळाला ताप, कोणाच्या म्हाताऱ्याला चक्कर, की आधी सिस्टरला फोन. सोनूबाई म्हणायच्या, 'बाळाला फोनजवळ आणा, खोकू द्या त्याला.' मग मला कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ऐकायच्या आणि सांगायच्या की घरी बसू नका, दवाखाना गाठा. किंवा, काही नाही, वाफ द्या. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. 'सिस्टरचा फोन कवाबी लागतो' असं लोक म्हणायचे, तेव्हा ती माझीच तारीफ आहे असं समजून मी मनातल्या मनात फुगायचो.

पण एक गोष्ट मला छळायची. दर रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना सोनूबाई मला बंद करायच्या. बाराच्या सुमारास चालू करायच्या, तेव्हा घरात तीन माणसं जास्त असायची, कपबश्या वाजत असायच्या आणि सगळ्यांचे आवाज जरा हळू झालेले असायचे. मधल्या तासात काय होतं? आधी वाटलं, भजन असेल. पण घरात ना टाळ, ना पेटी. मग वाटलं, वाद होत असतील. पण कोणाचा घसा बसलेला नसे. सहा वर्षं मी तर्क लढवत राहिलो आणि सगळे तर्क चुकले.

मार्च दोन हजार वीसमध्ये करोनामुळे सगळं बंद झालं, आणि तेव्हा कुठे मला उत्तर मिळायला लागलं.

सोनूबाईंचं माहेर इटारसीचं. त्या भागात क्वेकर नावाचा एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे. हे लोक एकमेकांना 'मित्र' म्हणतात. त्यांच्या उपासनेत पाद्री नसतो, गाणं नसतं, प्रवचन नसतं. सगळे एका खोलीत गोल बसतात आणि तासभर गप्प राहतात. आतून कोणाला अगदीच राहवलं नाही, तर तो चार वाक्यं बोलतो आणि पुन्हा गप्प होतो. तास संपला की शेजाऱ्याशी हात मिळवायचा, म्हणजे सभा संपली. लग्न होऊन जालन्यात आल्यावर सोनूबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी आपल्या पुढच्या खोलीत अशी सभा सुरू केली. एके काळी बारा माणसं यायची. कोणी बदलून गेलं, कोणी वारलं, असं होत होत चौघं उरली.

त्यात एक सोनूबाई. दुसरे आष्टीचे काकासाहेब. ते निवृत्त शिक्षक, एकटेच राहणारे, रविवारी पहाटेची एसटी धरून यायचे. तिसरा भिवा. तो एमआयडीसीतल्या लोखंडी सळ्यांच्या मिलमध्ये कामाला. रविवारी सकाळी विहारात वंदना करून तो इकडे यायचा. आठवडाभर कानात लोखंड आदळतं, एक तास तरी कानाला सुट्टी पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चौथी बेबीनंदा, अंगणवाडीची ताई. ती कधीतरी बाळांच्या लसींबद्दल विचारायला आली होती, त्या दिवशी बसली आणि मग दर रविवारी येतच राहिली. तू कोणत्या धर्माचा, असं इथे कोणी कोणाला विचारत नसे.

सोनूबाईंना एकच धास्ती होती. चार माणसांच्या सभेत एक रविवार चुकला की दुसरा चुकतो, आणि तिसऱ्या रविवारची कोणाला आठवणही राहत नाही. आपल्या हयातीत ही सभा मोडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण आष्टीची एसटी बंद, रस्त्यावर पोलीस, आणि घरात चार माणसं जमवायची बंदी. शेवटी बेबीनंदाने तोडगा काढला. तिने सगळ्यांना एकेक करून फोन लावायचा, चारही फोन एकत्र जोडायचे आणि आपापल्या घरी बसायचं. हात मिळवता येणार नाही, म्हणून बारा वाजता प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं. चार नावं झाली की सभा संपली.

त्या पहिल्या रविवारी सोनूबाईंनी मला स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवलं. मी कान टवकारले. सहा वर्षांचं गुपित आता उघड होणार होतं! आणि मित्रांनो, कोणी काहीच बोललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं, आपण बिघडलो. मी माझी रेंज तपासली, बॅटरी तपासली, सगळं ठीक होतं. पलीकडे तीन माणसं होती आणि तिघंही गप्प होती. खरं सांगायचं तर मला अपमान वाटला. बोलणं वाहून नेण्यासाठी माझा जन्म, आणि माझ्याकडून हे लोक न बोलणं वाहून नेत होते. बारा वाजता चार नावं झाली आणि सोनूबाईंनी समाधानाने चहा टाकला. मी मात्र दिवसभर त्याच कोड्यात होतो.

मग मे महिन्यात ती गंमत झाली. अकरा वाजता सभा सुरू झाली आणि चौथ्याच मिनिटाला बेबीनंदाच्या फोनची बॅटरी संपली. तिचा फोन बंद, म्हणजे सगळ्यांची जोडणी तुटली. नियमाप्रमाणे मी टूं टूं टूं केलं. सोनूबाईंना वाटलं, भिवाच्या घराजवळून टेम्पो मागे घेतायत. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुढची छप्पन्न मिनिटं त्या माझ्यासमोर शांत बसल्या, आणि माझ्या पलीकडे कोणीच नव्हतं. बारा वाजता त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि थांबल्या. उत्तर नाही. त्यांना वाटलं, बाकीचे अजून आत खोल बसलेत, म्हणून त्या आणखी दहा मिनिटं थांबल्या.

नंतर कळलं की चौघांचंही तेच झालं होतं. काकासाहेब नाव सांगून पाव तास बसले होते. भिवाला वाटलं, आपलं काही चुकलं म्हणून सगळे रुसले. बेबीनंदाला तर तिच्या फोनचा पडदा काळा झाल्याचं साडेबाराला दिसलं. असला घोटाळा फक्त याच माणसांच्या हातून होऊ शकतो, कारण बोलणाऱ्या माणसांना फोन तुटल्याचं तेव्हाच कळतं.

आता प्रश्न उभा राहिला, त्या रविवारी सभा झाली की नाही? तुम्हाला हा प्रश्न पोरखेळ वाटेल, पण त्यावर तीन आठवडे खल चालला. काकासाहेबांचं म्हणणं, झाली. चौघं एकाच वेळी एकाच कामासाठी बसले, मध्ये तार असो वा नसो. भिवा ऐकायला तयार नव्हता.

"मी एकटाच बसलेलो व्हतो, सर," तो म्हणाला, "आन् ते मला ठाऊकबी नव्हतं. ते बरं न्हाई वाटलं मला."

या लोकांमध्ये हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं मन एक झालं तरच सभेच्या वहीत ओळ लिहायची, नाहीतर जागा कोरी सोडायची. त्या रविवारची जागा कोरी राहिली. ती आजही कोरीच आहे.

सोनूबाई मला घेऊन सिराजोद्दीनकडे गेल्या. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. माझ्यात काही दोष आहे का, ते बघ म्हणाल्या. त्याने मला खोललं, पुसलं, पुन्हा लावलं आणि विचारलं की किती वेळ बोलता. तासभर, सोनूबाई म्हणाल्या. काय बोलता? काही नाही. सिराजोद्दीन त्यांच्याकडे बघतच राहिला.

"सिस्टर, फोन बिलकुल बराबर हाये," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही कायतरी बोला तर सही. मंग कट झाला की लगेच समजंल."

बोलणं तर शक्य नव्हतं. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. डोळे मिटले की आधी चारही घरं ऐकायची. प्रत्येक घराचा आवाज येतोय याची खात्री झाली, की मग आपल्या आत उतरायचं. मधूनच पुन्हा एकदा ऐकून घ्यायचं. या युक्तीने मला नवं आयुष्य मिळालं. भिवाकडे शेजारची शेळी ओरडायची आणि लांबून मिलचा भोंगा यायचा. बेबीनंदाकडे कुकरच्या शिट्ट्या, अन् एकदा वरणाला फोडणी बसली तीही मी ऐकली. काकासाहेब फोन सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, त्यामुळे त्यांचा पंखा किरकिरायचा आणि त्याच्या खालून त्यांचा श्वास ऐकू यायचा. मला कळायला लागलं की गप्प बसणंही एकसारखं नसतं. भिवाची गप्प बसण्याची तऱ्हा निराळी, काकासाहेबांची निराळी. मी त्याचा शौकीन झालो. रविवारची वाट बघू लागलो.

आणि नेमक्या त्याच वेळी मला अडगळीत जावं लागलं. दिवाळीला संध्याने आईसाठी नवा फोन पाठवला, मोठ्या काचेचा. बाकी तिघांकडे तसे फोन होतेच. संध्याने सगळ्यांना व्हिडिओवर आणलं. आता चेहरे दिसणार होते, म्हणजे फोन कट झाला तर लगेच कळणार होतं. मला पुसून, बंद करून कपाटाच्या खणात ठेवलं गेलं. शेजारी जुना चष्मा आणि तुटका थर्मामीटर होता. बंद असलो की मला काही समजत नाही, पण बंद होण्याआधीचा तो क्षण मला आठवतो. मला वाईट वाटलं. कोणी तरी विचारायला हवं होतं, एवढंच वाटलं.

चार महिन्यांनी, मार्च दोन हजार एकवीसमध्ये, मी जागा झालो तो सिराजोद्दीनच्या काउंटरवर. तो माझी बॅटरी बदलत होता आणि सोनूबाई त्याला सगळं सांगत होत्या. व्हिडिओवर चेहरे दिसतात, पण एकदा काकासाहेबांचं चित्र अडकलं आणि वीस मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण डोळे तर मिटलेलेच असतात. आणि आवाज काहीच येत नाही. शेळी नाही, कुकर नाही, पंखा नाही. खोलीत कोणी नाही असं वाटतं. सिराजोद्दीनने समजावलं की ते व्हिडिओचं अॅप हुशार असतं. ते माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं आणि बाकीचा आवाज कचरा म्हणून काढून टाकतं.

"मंग मला जुनंच दे," सोनूबाई म्हणाल्या. "माझी माणसं त्या कचऱ्यातच हायेत."

पुढच्या रविवारी बेबीनंदाने पुन्हा पहिल्यासारखे फोन जोडले. मी स्टुलावर होतो. शेळी आली, कुकर आला, पंखा आला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तो आनंद फार दिवस टिकायचा नव्हता. करोनाची दुसरी लाट आली होती. मस्तगडच्या गल्लीतून दिवसाला तीन तीन रुग्णवाहिका जात होत्या. भिवाच्या मिलमधले दोन जण गेले.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सभा सुरू झाली. चारही घरं ऐकून झाली, आणि सोनूबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी डोळे उघडले, मला कानाला लावलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मीही ऐकत होतो. काकासाहेबांचा श्वास उथळ होता आणि घाईघाईने येत होता. एक मिनिट झालं. सोनूबाईंनी पुन्हा एक मिनिट मोजलं. त्या सभेत कधीतरी, वर्षा-दोन वर्षांतून बोलायच्या. त्या दिवशी बोलल्या.

"काकासाहेब, सभा इथंच थांबली. तुम्ही मिनिटाला बत्तीस श्वास घेऊन राह्यले. किती दिवस झाले?"

काकासाहेबांना एका दमात वाक्य पुरं करता येईना. चार दिवस झाले, ते म्हणाले, थोडी कणकण आहे.

"मंग सांगितलं का न्हाई?"

काकासाहेबांनी दम घेतला. मग ते म्हणाले, "मी दवाखान्यात गेल्तो तर... रविवारी तिघंच राह्यले असते. सभा मोडली असती, सिस्टर."

सोनूबाईंनी घड्याळावरची नजर काढली. जी धास्ती त्यांनी वर्षभर बोलून दाखवली होती, ती या भल्या माणसाने इतकी मनावर घेतली होती.

"सभा मोडली तर मोडू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही राह्यले न्हाई, तर मी ती सभा घेऊन काय करू? भिवा, बेबीनंदा, उठा जल्दी."

त्या दिवशी मी जेवढं काम केलं, तेवढं आयुष्यात केलं नव्हतं. आष्टीत काकासाहेबांच्या शेजाऱ्याची जीप होती. बेबीनंदाने त्याला गाठलं. भिवा जालन्यात दवाखान्याच्या दारात उभा राहून खाट कुठे रिकामी आहे ते विचारत होता आणि मिनिटामिनिटाला मला सांगत होता. दुपारी तीनला काकासाहेबांना ऑक्सिजन लागला. आणखी एक रात्र घरी काढली असती तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर भिवाला म्हणाले.

पुढचा रविवार आला. तिघांचीच सभा, असं धरून सगळे बसले होते. पण बेबीनंदाने काकासाहेबांचा नंबर लावून पाहिला, आणि त्यांनी उचलला. तोंडावर मास्क, बोलायची सोय नाही. त्यांनी फोन उशीवर ठेवला. माझ्यातून तो सगळा वॉर्ड सोनूबाईंच्या खोलीत आला. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं, कोणी खोकत होतं, कोणाची तरी चप्पल फरशीवरून धावत होती. शेळी, कुकर आणि तो वॉर्ड, असे आम्ही बसलो. वीसेक मिनिटांनी एक अनोळखी आवाज आला. तो शेजारच्या खाटेवरचा माणूस होता.

"सर, तुमचा फोन चालू राह्यला. पलीकडून कोणी बोलून न्हाई राह्यलं."

काकासाहेबांनी मास्क जरा बाजूला केला असावा. "बोलत न्हाईत," ते म्हणाले. "बसलेत."

"कुठं?"

"माझ्याजवळ."

बराच वेळ पाणी बुडबुडत राहिलं. मग तो माणूस म्हणाला, "मंग मलाबी बसू द्या की."

बारा वाजता नावं सांगायची वेळ आली. सोनूबाई, भिवा, बेबीनंदा, काकासाहेब. आणि मग पाचवं नाव आलं, "हरिओम. टेम्पोवाला." तो एमआयडीसीत कामगारांची ने-आण करायचा. दवाखान्यात आणताना त्याचा फोन कुठेतरी पडला होता, आणि बायकोचा नंबर त्याला पाठ नव्हता. घरून कोणाला आत सोडत नव्हते. आठ दिवसांत त्याच्याशी घरचं असं कोणी बोललंच नव्हतं. त्या रात्री सोनूबाईंनी वहीत लिहिलं की आज पाच जण बसले.

नंतरच्या आठवड्यात काकासाहेबांना उतार पडला. हरिओमला पडला नाही. रविवारी फोन लागला तेव्हा काकासाहेब हळू आवाजात म्हणाले की फोन मी त्याच्या उशीवर ठेवतोय. मग मी त्याचा श्वास ऐकला. तो लांब लांब येत होता आणि मध्ये थांबत होता. सोनूबाईंनी पस्तीस वर्षांत असा श्वास किती वेळा ऐकला असेल! त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. एकदाच विचारलं, डॉक्टर आहेत का. काकासाहेब म्हणाले, आत्ता येऊन गेले, त्यांनी सगळं केलं. मग त्या गप्प झाल्या.

बारा वाजले. कोणी नाव घेतलं नाही. साडेबारा झाले. बेबीनंदाच्या घरात कोणीतरी जेवायला हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही. भिवाला दुसरी पाळी होती, तो कामावर गेला नाही. माझी बॅटरी शेवटच्या रेघेवर आली तेव्हा सोनूबाईंनी हळूच चार्जर लावला. मला त्या वेळी फक्त एक भीती होती, की जोडणी तुटेल आणि कोणाला कळणार नाही. मी ती धरून ठेवली. फोनला जेवढं धरून ठेवता येतं तेवढं सगळं मी लावलं. दीड वाजून गेल्यावर श्वास थांबला तो पुन्हा आला नाही. काकासाहेब म्हणाले, "गेला." मग चौघांनी आपापली नावं सांगितली, आणि पाचवं नाव काकासाहेबांनी घेतलं. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

मे महिन्यात काकासाहेब आष्टीला घरी गेले. त्यांनी वॉर्डमधून हरिओमच्या गावाचा पत्ता लिहून घेतला होता. त्या पत्त्यावर त्यांनी पत्र पाठवलं आणि त्यात सोनूबाईंचा नंबर दिला. जूनच्या एका दुपारी मी वाजलो. अनोळखी नंबर होता. पलीकडे एक बाई होती. मी नंदाबाई, हरिओमची बायको, असं तिने सांगितलं.

"बाई, एकच विचारते," ती म्हणाली. "शेवटाला त्यांच्यापाशी कोणी व्हतं का?"

सोनूबाईंना नुसतं 'होते' म्हणता आलं असतं. पण ही माणसं लहानशा गोष्टीतही खोटं बोलत नाहीत, आणि दुःखातल्या माणसाशी तर मुळीच नाही. त्या काय उत्तर देतील ते मलाही माहीत नव्हतं.

"काकासाहेब शेजारच्या खाटेवर व्हते, त्यांनी हात धरलेला व्हता," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघं तिथं नव्हतो. आम्हाला जाऊ दिलं नसतं. आम्ही फोनवर व्हतो, त्यांच्या उशीवर. अडीच तास बसलो. त्यांचा शेवटचा श्वास मी ऐकला. तोवर एकबी जण उठला न्हाई."

नंदाबाई काही बोलली नाही. सोनूबाईही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. तिने ठेवला नाही. तिच्या अंगणात कोंबड्या होत्या, हापशावर कोणी पाणी भरत होतं, आणि त्या सगळ्याच्या खाली ती रडत होती. सोनूबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि डोळे मिटले. सव्वीस मिनिटं मी त्या दोघींना धरून होतो. मग नंदाबाईने नाक पुसलं.

"म्हंजे एकले नव्हते ते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मी म्हातारा फोन आहे. माझी बटनं अडकतात, आणि एक दिवस मला भंगारात जावं लागेल हे मी जाणतो. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. तुमच्या ओळखीचं कोणी आजारी असेल, एकटं असेल, आणि त्याच्याशी काय बोलावं ते तुम्हाला सुचत नसेल, तरीही त्याला फोन लावा. तो गप्प झाला तर घाबरू नका आणि 'ठेवू का?' असं विचारू नका. थोडा वेळ तसेच बसून राहा. बाकीचं काम आमचं.